दोरीबाहेरचा कोपरा

मित्रांनो, माझ्याकडे असे टक लावून बघू नका, मला अवघडल्यासारखे होते. अंगभर भोके, पिवळ्या पडलेल्या कडा आणि मधोमध चिकटपट्टीचे ठिगळ असा मी एक जुना नकाशा आहे. नाटकाच्या तालमीला येता-जाता तुम्ही मला रोज बघता. काल तुमच्यातल्या एका चिमुरडीने विचारले, "याला उंदरांनी खाल्लंय का?" तेव्हापासून मला चैन नाही. उंदरांनी नाही गं बाळ, मला टाचण्यांनी खाल्ले आहे. ते कसे, हे आज सांगूनच टाकतो.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. मला काढणारा आरेखक जाड भिंगांचा चष्मा लावायचा आणि कामात असताना चहासुद्धा थंड करून प्यायचा. राजधानीचे नाव लिहायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ त्याने वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या एका खाणीच्या गावाचे नाव लिहायला घेतला. छापखान्याचा फोरमन वैतागून म्हणाला, "अहो, ते गाव कोण वाचणार आहे?" आरेखक मान वर न करता म्हणाला, "तिथं राहणारा वाचेल की." मग चार रंगांसाठी मला चार वेळा यंत्राखालून काढले, पाठीला कापड चिकटवले आणि मऊ फळीवर ताणून लाकडी चौकटीत बसवले. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मी फार देखणा दिसत असे.

तिथून माझी रवानगी झाली एका कचेरीत. आता ही कचेरी कसली, ते नीट ऐका. सगळी माणसे सरकारला कर देतात. तुमची आई साबणाची वडी विकत घेते, तेव्हा त्यातही थोडा कर असतो. ती वडी राजधानीत घेतली काय आणि खाणीच्या गावात घेतली काय, कर तोच. या करातला लहानसा वाटा नाटक, गाणे, नाच आणि चित्रे यांच्यासाठी बाजूला काढतात. त्याला कला-अनुदान म्हणतात. कोणत्या मंडळींना ते द्यायचे, हे आमच्या कचेरीतून ठरत असे.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. चार टेबले, दोन खिडक्या, आणि गुडघ्याचा धक्का दिल्याशिवाय दार न लागणारे एक लोखंडी कपाट. मला कपाटासमोरच्या भिंतीवर लावले. ज्या मंडळींना अनुदान मिळेल, त्यांच्या गावावर एक टाचणी टोचायची, अशी तिथली पद्धत होती. नाटकाला लाल डोक्याची, गाण्याला हिरवी, नाचाला पिवळी, चित्रांना निळी. पहिली टाचणी टोचली तेव्हा मी मनातल्या मनात ओरडलो. पुढे सवय झाली, आणि त्याच्याही पुढे मला त्यांची हौस वाटू लागली.

अनुदानाआधी पाहणी होत असे. म्हणजे समितीचे लोक कचेरीच्या जीपमधून त्या गावी जायचे, तिथले नाटक किंवा गाणे प्रत्यक्ष बघायचे आणि मग ठरवायचे. पहिल्या वर्षी जीप पूर्वेला गेली, दक्षिणेला गेली. माझ्या अंगावर त्या बाजूंना थोड्याथोड्या टाचण्या आल्या. वरच्या उजव्या कोपऱ्याची पाळी यायचीच होती, तेवढ्यात जीपचे दिवे गेले.

हो, समोरचे दिवे. तेव्हाचे साहेब खिडकीतून खाली वाकून बघत होते, आणि तेव्हा तरुण असलेले ड्रायव्हरकाका टोपी हातात घेऊन उभे होते.

"साहेब, गाडी धावतेय चांगली, पण दिवे काही लागत नाहीत. अंधार पडायच्या आत परत यायला पाहिजे."

"नवे दिवे कधी येतील?"

"आठवड्याभरात, म्हणतो तो गॅरेजवाला."

साहेबांनी फायलीला बांधायची सुती दोरी घेतली. तिचे एक टोक राजधानीवर ठोकलेल्या खिळ्याला बांधले. पहाटे निघून दिवस मावळायच्या आत परत येता येईल, एवढे अंतर ड्रायव्हरकाकांनी बोटाने दाखवले. साहेबांनी दोरी तिथे कापली आणि टोकाला गाठ मारली. "या दोरीत बसेल तिथंच पाहणी. दिवे येईपर्यंत," ते म्हणाले.

मित्रांनो, ते शेवटचे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. त्या खोलीत ते फक्त मी लक्षात ठेवले, आणि मला तोंड नव्हते.

दिवे काही आठवड्याभरात आले नाहीत. महिने गेले, साहेबांची बदली झाली. जीप भंगारात गेली आणि दिव्यांसकट झकास नवी गाडी आली. नदीवर पूल झाला, घाटातला रस्ता रुंद झाला. दोरी मात्र जागच्या जागी. नव्या साहेबांनी विचारले, "हे काय लोंबतंय?" शिपाई म्हणाला, "पाहणी याच्या आतच होते, साहेब." साहेबांनी मान डोलावली. एखादी गोष्ट भिंतीवर दोन-तीन वर्षे टिकली की माणसे तिला नियम समजू लागतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

अशा वेळी कचेरीत एक नवी कारकून आली. सडपातळ, ताठ कण्याची, डब्याचे झाकणसुद्धा सरळ रेषेत ठेवणारी. टाचण्यांचे काम तिच्याकडे आले आणि वर्षभरात सगळे तिला टाचणीबाई म्हणू लागले. ती एक डोळा मिटून टाचणी टोचायची, दोन पावले मागे सरून बघायची आणि केसभर जरी तिरकी गेली असेल तर उपसून पुन्हा टोचायची. तिच्या या काटेकोरपणापायी मला दुप्पट भोके पडली, पण माझा तिच्यावर जीव होता. टोचता टोचता ती माझ्याशी पुटपुटायची. घरी कुणाला ताप आहे, मुलीचा निकाल कसा लागला, सासूबाई आज का रुसल्या, सगळे मला ठाऊक असे. तिचा मुलगा एकदा कचेरीत आला आणि हसून म्हणाला, "आई, हा नकाशा म्हणजे तुझं तिसरं अपत्य."

राजधानीवर आणि आसपास टाचण्यांची दाटी वाढत गेली. एकीला जागा करायची तर दुसरीला कोपर मारावे लागे. शेवटी तिथला कागदच फाटला. टाचणीबाईने पाठीमागून कापड आणि वरून चिकटपट्टी लावली आणि त्या ठिगळावर पुन्हा टाचण्या टोचल्या. कचेरीत येणारे पाहुणे माझ्यासमोर उभे राहून म्हणत, "वा! कलेची काय भरभराट आहे!" आणि मी फुगून जात असे. माझा दोष मी लपवत नाही. माझे अर्धे अंग उघडेबोडके आहे, हे मला दिसत होते, पण कौतुक कानावर पडत असताना तिकडे कानाडोळा करणे सोपे जाते.

वरच्या उजव्या कोपऱ्यात तर काहीच नव्हते. तिथे भिंत रिकामी दिसते, म्हणून कुणीतरी माझ्या चौकटीवर खिळा मारून सुट्ट्यांचे कॅलेंडर टांगले. वर्ष बदलले की कॅलेंडर बदलायचे, खिळा तोच. ऊन, धूळ, चहाची वाफ यांनी माझा बाकीचा रंग विटत गेला. कॅलेंडरखालचा कोपरा मात्र छापला त्या दिवसासारखाच राहिला.

दोरीबाहेरून अर्ज यायचे. टाचणीबाई ते उघडायची, कोपऱ्यात पेन्सिलीने 'दोरीबाहेर' असे बारीक अक्षरात लिहायची आणि छापील उत्तर जोडून परत पाठवायची. 'पाहणी होऊ न शकल्यामुळे आपल्या अर्जाचा विचार करता आला नाही.' अर्जाची प्रत कपाटाच्या खालच्या फळीवर जायची, गुडघ्याने दार बंद व्हायचे. तिच्या मनात वाईट काही नव्हते. जिथे टाचणी नाही तिथे गाणेही नसेल, असे तिला खरोखरच वाटत होते.

अशी सव्वीस वर्षे गेली.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत दारात एक बाई उभी राहिली. पांढरे बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि दोन बस व एक आगगाडी बदलून आल्याचे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. ही खाणीच्या गावच्या दवाखान्यातली नर्स. गावातले सगळे तिला नर्सताई म्हणतात, तुम्हीही म्हणता. हो, तीच आपली नर्सताई. तेव्हा तिचे केस काळे होते.

टाचणीबाई डबा उघडत होती. नर्सताई म्हणाली, "नमस्कार. मला दोरी बघायचीय."

"कसली दोरी?"

नर्सताईने पिशवीतून सात कागद काढून टेबलावर मांडले. सात वर्षांचे सात परत आलेले अर्ज. "हे बघा, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लिहिलंय, दोरीबाहेर. आमच्या गावात सगळ्यांनी डोकं खाजवलं. शाळेचे मास्तर म्हणाले, असेल काहीतरी सरकारी शब्द. म्हटलं, जाऊन बघूनच येते एकदा."

पेन्सिल खोडायची राहून गेली होती. सात वर्षे. एवढ्या नेटक्या बाईच्या हातून अशी चूक व्हावी, याचे टाचणीबाईलाच नवल वाटले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले.

नर्सताई माझ्याजवळ आली. दोरीचे लोंबते टोक तिने चिमटीत धरले आणि वरच्या उजव्या बाजूला ताणले. दोरी कॅलेंडरपर्यंतही पोचली नाही.

"आमचं गाव कुठाय यात?"

"त्या… त्या कॅलेंडरच्या खाली असेल."

नर्सताईने कॅलेंडर उचलून बाजूला धरले. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी त्या कोपऱ्यावर उजेड पडला. हिरवे डोंगर, निळी नदी, आणि आरेखकाने जीव ओतून लिहिलेले नाव. सगळे कोरे करकरीत. तिने आपल्या गावावर बोट ठेवले आणि दोरीच्या टोकापासून अंतर मोजले.

"चार बोटं," ती म्हणाली. "आणि गाव तर आहे की इथं. मला वाटलं, आम्ही नकाशातच नाही."

मित्रांनो, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

टाचणीबाईने तिला खुर्ची दिली आणि आपला डबा पुढे सरकवला. नर्सताईने दोन घास खाल्ले आणि सगळे सांगितले. खाणीच्या कंपनीने खनिज तोलायचा नवा वजनकाटा बसवला होता. जुन्या काट्याची शेड रिकामी पडली, म्हणून ती गावकऱ्यांना नाटकासाठी दिली होती. आता कंपनीला तिथे सामान ठेवायचे होते. "ते म्हणतात, सरकारनं तुम्हाला मानलंय असा एक कागद आणा, शेड तुमची. नाहीतर पुढच्या महिन्यात कुलूप. शेड गेली तर आमचं नाटक संपलंच. त्या काट्याशिवाय ते होतच नाही."

"काट्याशिवाय होत नाही म्हणजे?"

"ते सांगून नाही कळायचं, बाई. बघावं लागतं."

"पण ताई, हा नियम आहे. मी नाही केलेला."

"मग कुणी केला?"

एवढे विचारून नर्सताई परतीच्या गाडीसाठी निघून गेली. त्या दिवशी टाचणीबाईने कॅलेंडर परत टांगले नाही. ते तिने टेबलाच्या खणात ठेवून दिले.

दुसऱ्या दिवसापासून ती नियम शोधू लागली. लोखंडी कपाट रिकामे झाले, जुन्या फायलींची धूळ उडाली, सगळी कचेरी शिंकू लागली. साहेब म्हणाले, "बाई, एवढी वर्षं पाळतोय म्हणजे नियम असणारच. नीट बघा." तिने नीट बघितले. नियमांच्या पुस्तकात, परिपत्रकांत, इतिवृत्तांत, कुठेही दोरीचे नाव नव्हते. खालच्या फळीवरून मात्र दोरीबाहेरच्या अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे निघाले. ती ते वाचत बसली. मेंढपाळांचे गाणारे मंडळ, विणकरांची चित्रशाळा, तळ्याकाठच्या नावाड्यांचा वाद्यवृंद. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाका सहीसाठी वर आले. ते आता निवृत्तीला आले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. ते एरवी खालच्या अंगणात गाडीपाशीच असत आणि सहीची वही शिपायाच्या हाती वर धाडत. त्या दिवशी शिपाई रजेवर होता. माझ्याकडे लक्ष जाताच ते थबकले.

"अरेच्चा! ही अजून आहे?"

"काय अजून आहे?" साहेबांनी विचारले.

"ही दोरी हो! जुन्या जीपचे दिवे गेले होते, तेव्हा मोठ्या साहेबांनी बांधली होती. दिवे येईपर्यंत."

शेवटी! माझ्या पोटातले गुपित कुणीतरी बोलले! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"काका, मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?" टाचणीबाईने विचारले.

"मला काय माहीत, बाई? मला वाटलं, साहेब लोकांना लांबचा प्रवास झेपत नाही."

साहेब आधी चिडले, मग हसू लागले. टाचणीबाई हसली नाही. दोन्ही हातांनी चेहरा झाकून ती म्हणाली, "एका जीपचे दिवे गेले, आणि माझ्या हातून अर्धा देश अंधारात राहिला."

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक भरली. राजधानीतल्या मोठ्या नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते, आणि एक नावाजलेले गायक होते. त्यांना सगळे बुवा म्हणत.

"दोरी गेली हे ठीक," व्यवस्थापक म्हणाले. "पण कापड तेवढंच आहे, साहेब. कुणाची बाही लांब कराल, तर कुणाची तरी आखूड होणार. माझ्या नाट्यगृहावर कितीतरी माणसांची पोटं आहेत."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि साहेबांना ते कळत होते. बुवा मात्र अत्तराचा रुमाल नाकाला लावून म्हणाले, "आणि तिकडे बघायला आहे तरी काय? असतं काही, तर आपल्या कानावर आलं नसतं?"

टाचणीबाई बैठकीत कधी बोलत नसे. तिचे काम लिहून घेण्याचे. त्या दिवशी ती उठली, कपाटापाशी गेली आणि अर्जांचे गठ्ठे आणून एकावर एक टेबलावर ठेवले. बुवांचा चहाचा कप हिंदकळला.

"बुवा, हे सगळं कानावर आलं होतं," ती म्हणाली. "आपणच ऐकलं नाही. यांना अनुदान द्याच, असं मी म्हणत नाही. आधी बघा तरी. न बघता नाही म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला?"

साहेबांनी पेन खाली ठेवले. "काका, गाडीचे दिवे लागतात ना?"

दारातून ड्रायव्हरकाका म्हणाले, "झकास लागतात, साहेब."

मी काही त्यांच्याबरोबर जाऊ शकलो नाही. पण परत आल्यावर टाचणीबाईने मला सगळे सांगितले, अगदी शेजारणीला सांगावे तसे. दोरीबाहेर पाऊल टाकायची तिची ती पहिलीच वेळ. घाटात तिला तीनदा उलटी झाली. गावात मुक्कामाची सोय नव्हती, म्हणून नर्सताईने समितीला दवाखान्यातल्या रिकाम्या खाटांवर झोपवले आणि सवयीने बुवांचा तापही मोजला. "थोडा अंगात रुबाब आहे, बाकी प्रकृती उत्तम," असे तिने सगळ्यांसमोर सांगितले, आणि बुवांना पहिल्यांदाच स्वतःवर हसू आले.

आणि मग नाटक. ते याच शेडमध्ये झाले, मित्रांनो, तुम्ही जिथे बसला आहात तिथे. तुम्ही रोज बघता म्हणून तुम्हाला त्याचे काही वाटत नाही, पण त्या लोकांनी असे कधी पाहिले नव्हते. रंगमंच म्हणजे जुन्या वजनकाट्याचा लोखंडी चौथरा. पाठीमागे भिंतीवर ती भलीमोठी तबकडी आणि तिचा काटा. एकेक माणूस चौथऱ्यावर चढतो तसा काटा सरकतो. एका घराची गोष्ट होती. घर भरले, लग्ने झाली, मुले झाली, काटा चढत गेला. मग कामासाठी एकेक जण गाव सोडून निघाला. प्रत्येक जण उतरताना काटा थोडा खाली यायचा, थरथरायचा आणि थांबायचा. शेवटी चौथऱ्यावर एकटी आई उरली. तिने पाठमोरे होऊन तबकडीकडे बघितले. बुवांचा तो अत्तराचा रुमाल डोळ्यांना लागला, आणि व्यवस्थापकांनी टाचणीबाईच्या कानात विचारले, "हे आमच्या नाट्यगृहात कसं करता येईल हो?"

"नाही करता येणार," टाचणीबाई म्हणाली. "त्यासाठी इथंच यावं लागेल."

परतल्यावर तिने डबीतून लाल टाचणी काढली. एक डोळा मिटला, पण डोळ्यांत पाणी होते म्हणून टाचणी तिरकी गेली. कुणालाही दिसेल इतकी तिरकी. ती दोन पावले मागे सरली. आता उपसणार, असे समजून मी अंग चोरले. तिने उपसली नाही. ती तशीच आहे, या बघा हवे तर. मग तिने कात्रीने राजधानीच्या खिळ्यापाशी दोरी कापली आणि गुंडाळी करून माझ्या चौकटीच्या आकड्याला अडकवली. "टाकून देऊ नका," ती साहेबांना म्हणाली. "आपण काय केलं होतं, ते दिसत राहू दे."

सरकारी कागद गावात पोचला आणि कंपनीने कुलूप परत नेले. राजधानीतल्या काही मंडळींना त्या वर्षी थोडे कमी मिळाले. ती मंडळी कुरकुरली, व्यवस्थापक वर्षभर टाचणीबाईशी धड बोलले नाहीत. पण त्यांच्या नाट्यगृहाचा पडदा रोज वर जातच राहिला, आणि पुढच्या वर्षी ते आपली मंडळी घेऊन या शेडमध्ये नाटक करायला आले. त्यांचा नायक चौथऱ्यावर चढला तेव्हा काटा इतका पुढे गेला की प्रेक्षक पोट धरून हसले.

पुढे कचेरीत भिंतभर चमचमणारा पडदा आला. बोट लावले की गाव मोठे होते, म्हणतात. मला कपाटामागे उभे करून ठेवले आणि तिथे मी दोन उन्हाळे कोळ्यांच्या संगतीत काढले. तेव्हा वाईट वाटले, नाही असे नाही. पण टाचणीबाई निवृत्त झाली, त्या दिवशी साहेबांनी विचारले, "बाई, निरोपाची भेट म्हणून काय देऊ? घड्याळ?" ती म्हणाली, "घड्याळ आहे घरी. कपाटामागचा नकाशा द्या." ड्रायव्हरकाकाही निवृत्त झाले होते, पण त्यांनी आपल्या भाच्याची गाडी मागून आणली. खिडकीच्या जुन्या पडद्यात गुंडाळून टपावर बांधलेला मी घाट चढलो, आणि जो कोपरा इतकी वर्षे अंगावर वागवला, त्यातच राहायला आलो. असे भाग्य किती नकाशांना मिळते?

आता एकच गोष्ट राहिली, गेल्याच महिन्यातली. तुम्हाला माहीत आहे, नर्सताई हल्ली समितीवर आहे आणि काही बैठका याच शेडमध्ये होतात. टाचणीबाई पाहुणी म्हणून आली होती आणि त्या बाकावर बसून विणकाम करत होती. तळ्यापलीकडच्या एका वस्तीतून अर्ज आला होता. तिथल्या बायका जाळी विणताना गातात, ते येऊन ऐका, असा. नर्सताईने अर्ज वाचला आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "इथं जायचं म्हणजे आधी बोट, मग तीन तास चाल. एवढ्या लांब जाणार कोण? आणि तिकडे बघायला असणार तरी काय?"

शेडमधल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिला कळेना, सगळे असे का बघताहेत. टाचणीबाईने सुया खाली ठेवल्या. ती उठून माझ्यापाशी आली, आकड्यावरची दोरी काढली आणि नर्सताईच्या हातात ठेवली.

नर्सताईने दोरीकडे पाहिले. टोकाची ती जुनी गाठ बोटांनी चाचपली. मग ती हसत सुटली, हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि पदराने डोळे पुसत तिने विचारले, "बोट किती वाजता सुटते?"

ती गेली, ऐकून आली, आणि तळ्यापलीकडे आता एक हिरवी टाचणी आहे. माझे अंग अजून पुष्कळ जागी कोरे आहे, हेही तुम्हाला दिसतच असेल. तुम्ही मोठे व्हाल, कुणी कचेरीत बसाल, कुणी समितीवर जाल. दोरी बांधायची वेळ तुमच्यावरही येईल. गाडी बिघडते, माणसे दमतात, त्याला इलाज नसतो. फक्त ती का बांधली आणि कधी सोडायची, एवढे एका चिठ्ठीवर लिहून तिथेच टोचून ठेवा. टोचण्यासाठी मी आहेच.

आणि एक विनंती माझ्या स्वतःसाठी. तुम्ही येता-जाता आपल्या गावावर बोट ठेवता आणि "आपण इथं!" म्हणता. इतकी वर्षे कोरा राहिलेला तो कोपरा तुमच्या बोटांनी आता विटू लागला आहे, गावाच्या नावाचे पहिले अक्षर तर पुसटच झाले आहे. पुसू द्या. भोक पडले तरी चालेल, टाचणीबाई ठिगळ लावून देईल. फक्त बोट ठेवायच्या आधी हात धुऊन येत जा.